अरण्यची ऐंशी घरं : एका प्राध्यापकाच्या तीन कामांचं प्रकरण

आर्किटेक्चर कॉलेजात पूर्णवेळ शिकवणाऱ्याला लग्नकार्यात एक प्रश्न हमखास येतो: "म्हणजे तुम्ही प्रॅक्टिस करत नाही?" प्रॅक्टिस करणारा शिकवायला लागला की प्रश्न उलटा होतो: "कामं कमी झाली वाटतं?" आणि संशोधन करतो म्हटलं, तर समोरचा "पीएचडी कधी संपणार?" एवढंच विचारून ताटाकडे वळतो. तिन्ही कामं एकाच माणसानं करावीत अशी आपल्या शिक्षणक्षेत्राची अपेक्षा आहे. ती कशी करावीत हे मात्र कुणी सांगत नाही. मग कुणीतरी आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशींचं नाव घेतं. दोशींनी केलं की सगळं, असं म्हणून विषय बंद होतो.

तो बंद होऊ नये म्हणून हा लेख. दोशींचं अख्खं चरित्र मला लिहायचं नाही. त्यांच्या एकाच कामापाशी थांबून, शिकवणं, बांधणं आणि शोधणं ही तीन कामं त्यात कुठे एकमेकांना भेटली आणि कुठे नाही, एवढंच पाहायचं आहे. ते काम म्हणजे इंदूरची अरण्य ही वसाहत. १९८० च्या दशकात आखलेली, १९८९ मध्ये पहिला मोठा टप्पा पूर्ण झालेली, आणि १९९५ मध्ये आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळालेली.

माणूस थोडक्यात. जन्म पुण्यात, २६ ऑगस्ट १९२७. घरचा धंदा फर्निचरचा, कुटुंब एकत्र. माणसं वाढली तशा खोल्या वाढत गेलेलं घर त्यांनी लहानपणी आतून पाहिलं होतं, आणि त्याविषयी ते पुढे आयुष्यभर बोलत राहिले. १९४७ मध्ये मुंबईत जे. जे. ला प्रवेश, १९५० मध्ये बोटीनं लंडन, तिथून पॅरिसला जगप्रसिद्ध आर्किटेक्ट ल कॉर्बुझिएच्या कार्यालयात. पहिले आठ महिने बिनपगारी. परत आले ते कॉर्बुझिएच्या अहमदाबादमधल्या कामांवर देखरेख करायला, आणि तिथलेच झाले. २०१८ मध्ये प्रित्झकर, म्हणजे वास्तुकलेतला सर्वोच्च मानला जाणारा पुरस्कार मिळवणारे ते पहिले भारतीय. २४ जानेवारी २०२३ ला अहमदाबादेत गेले.

तीन पाट्या

दोशींच्या कारकिर्दीत मला सगळ्यात उपयोगी वाटणारी गोष्ट म्हणजे त्यांनी आपल्या तीन कामांसाठी तीन वेगवेगळी दारं ठेवली. 'वास्तुशिल्प' हे कार्यालय १९५० च्या दशकाच्या मध्यावर सुरू झालं. स्कूल ऑफ आर्किटेक्चर १९६२ मध्ये. त्याचे ते पहिले संचालक, १९७२ पर्यंत. त्या वर्षी नियोजनाची शाखा निघाली आणि पुढे हीच संस्था सेप्ट म्हणून ओळखली जाऊ लागली. १९७८ मध्ये वास्तुशिल्प फाउंडेशन, पर्यावरणीय रचनेच्या अभ्यासासाठी वेगळी संस्था. आणि १९८० च्या सुमारास संगत: अर्धवट जमिनीत गेलेल्या, चिनी मातीच्या तुकड्यांनी मढवलेल्या कमानींखालचं ते प्रसिद्ध ठिकाण. कार्यालय आणि फाउंडेशन एकाच छताखाली आले ते तिथे.

सेप्टमधून १९८१ च्या सुमारास ते प्रशासकीय जबाबदारीतून मोकळे झाले आणि अरण्यचं काम त्यानंतर लगेच आलं. म्हणजे "तिन्ही एकाच वेळी" हे वर्णन मला तरी ढोबळ वाटतं. साठचं दशक संस्था उभी करण्यात गेलं, सत्तरचं दशक मोठ्या कामांत, आणि त्या दशकाच्या अखेरीला संशोधनाला स्वतःचं घर मिळालं. पारडं दर दहा वर्षांनी कलत गेलं. आज सकाळी लेक्चर, दुपारी साईट आणि रात्री शोधनिबंध असं वेळापत्रक आखून धाप लागलेल्या तरुण शिक्षकांनी हे ध्यानात घ्यावं, असं वाटतं.

शाळेतल्या वातावरणाविषयीही एक गोष्ट सांगायला हवी. अहमदाबादच्या आयआयएमसाठी अमेरिकी आर्किटेक्ट लुई कान यांना आणण्यात दोशींचा पुढाकार होता. एवढं मोठं काम हातचं जाऊ देणारा आर्किटेक्ट विरळा. पण कान आले तसे त्या कामावरचे लोक शाळेतही आले. अनंत राजे हे त्यातलं आपल्या जवळचं नाव. कान १९७४ मध्ये गेल्यावर आयआयएमचा परिसर राजे यांनी पुढे नेला, आणि तेही याच शाळेत शिकवत. नियोजनाच्या शाखेच्या उभारणीत असलेले ख्रिस्तोफर बेनिंजर नंतर पुण्यात आले आणि १९७६ मध्ये इथे विकास-अभ्यासाचं केंद्र काढून राहिले. थोडक्यात, शहरात एखादं मोठं बांधकाम सुरू असलं की शाळेला आपोआप शिक्षक मिळत, अशी ती व्यवस्था होती.

इंदूरचा प्रश्न

सत्तरच्या दशकात जागतिक बँकेनं गरिबांच्या घरांसाठी एक सूत्र धरलं होतं: घर बांधून देऊ नका, आखलेला प्लॉट द्या, पाणी-वीज-सांडपाणी द्या, बाकीचं माणूस बांधून घेईल. याला साईट्स अँड सर्व्हिसेस म्हणतात. १९७२ मध्ये सेनेगलमधल्या डाकारपासून त्याची सुरुवात झाली, आपल्याकडे मद्रासमध्ये १९७७ ला आलं. मुंबईकरांना वेगळं उदाहरण शोधायला नको, चारकोप आणि गोराई त्याच सूत्रातून, १९८५ च्या प्रकल्पातून उभे राहिले.

इंदूरला हेच करायचं होतं. मालक इंदूर विकास प्राधिकरण, पैशाला हुडको ही घरांसाठी कर्ज देणारी सरकारी संस्था आणि जागतिक बँक. जागा आग्रा-मुंबई रस्त्यालगत, ८५ हेक्टर, म्हणजे २१० एकर. प्लॉट सुमारे ६,५००, लोकसंख्या अंदाजे ६०,०००. भागाकार केला तर एका प्लॉटवर नऊ माणसं येतात. म्हणजे आखणी करतानाच गृहीत होतं की इथे चौकोनी कुटुंब राहणार नाही. भाऊ येतील, गावाकडून आई येईल, एखादा भाडेकरू येईल, आणि खोल्या वर चढतील. सुमारे ६५ टक्के प्लॉट आर्थिकदृष्ट्या दुर्बळ गटासाठी होते, सव्वाचार हजारांच्या आसपास. सर्वांत लहान प्लॉट सुमारे ३५ चौरस मीटर, म्हणजे पावणेचारशे चौरस फूट. सगळ्यात मोठा ४७५ चौरस मीटरच्या घरात.

अशा कामात आर्किटेक्टला करण्यासारखं फारसं काही उरत नाही, असा तेव्हा बहुतेकांचा समज होता. रस्ते अभियंता आखतो, प्लॉट सर्व्हेअर पाडतो, घर मालक आणि गवंडी मिळून उभं करतात. चौकटी चौकटीचा कागद घेतला की एका आठवड्यात लेआउट तयार. कित्येक ठिकाणी तसंच झालंय.

आधी झोपडपट्टी मोजली

इथे फाउंडेशन कामाला आलं. माझ्या मते या प्रकरणाचा गाभा इथेच आहे, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

कॅनडातल्या मॅगिल विद्यापीठाचा कमीत कमी खर्चाच्या घरांचा अभ्यास करणारा एक गट होता. या गटानं आणि वास्तुशिल्प फाउंडेशननं मिळून इंदूरमधल्या अनौपचारिक वस्त्यांची पद्धतशीर मोजणी केली. उत्पन्न किती, कुटुंबात माणसं किती, ही नेहमीची प्रश्नावली झालीच. पण त्यांनी त्यापलीकडे जागा मोजली. रस्ता कुठे रुंद होतो आणि का. झाड कुठे आहे, त्याखाली कोण बसतं. दुकान घराच्या कोणत्या अंगाला. सायकल, हातगाडी, शेळी रात्री कुठे. दारासमोरचा ओटा किती फूट, आणि त्यावर दिवसभरात काय काय होतं: धान्य निवडणं, शिवणकाम, पोरांचा अभ्यास, म्हाताऱ्यांची दुपार.

त्यातून दिसलं ते असं की त्या घरांचं खरं क्षेत्रफळ भिंतींच्या आत मावत नव्हतंच. अर्धं घर रस्त्यात होतं. सरकारी लेआउट नेमका तोच अर्धा भाग छाटतो, कारण नकाशात तो रस्ता असतो आणि रस्त्यावर ओटा म्हणजे अतिक्रमण.

आता विचार करा, हे काम कार्यालयानं केलं असतं का? त्याची फी कोण देणार? प्राधिकरणानं मागितला होता लेआउट, ओट्यांची मोजमापं नव्हती मागितली. शाळेनं केलं असतं का? केलं असतं, पण सेमिस्टर संपल्यावर त्या शीट्स कपाटात गेल्या असत्या. (आपल्याकडच्या किती कॉलेजांत किती गावांच्या, वाड्यांच्या, घाटांच्या अप्रतिम मोजणीच्या शीट्स वाळवीची वाट पाहत पडल्या आहेत, याचा हिशेब कधीतरी मांडायला हवा.) मोजायची सवय शाळेची, सलग काम करायची सवड फाउंडेशनची, आणि मोजलेलं ताबडतोब वापरायची निकड कार्यालयाची. तिन्ही दारं शेजारी शेजारी होती म्हणून ते जमलं. एका माणसाच्या डोक्यात तिन्ही गोष्टी असणं पुरेसं नव्हतं.

कागदावर काय आलं

मधून जाणारा एक कणा, त्यावर बाजार आणि संस्था. त्याच्या दोन्ही बाजूंना सहा विभाग, प्रत्येकात सात ते बारा हजार माणसं. विभागांना तिरप्या छेदणाऱ्या लांबट बागा, म्हणजे घरापासून शाळेपर्यंत पोरांना चालायला वाहनांचा रस्ता लागू नये. सर्वांत गरिबांचे प्लॉट विभागाच्या मध्यभागी, बरे कमावणाऱ्यांचे कडेला आणि कण्यालगत.

ही शेवटची गोष्ट साधी वाटते पण तिच्यामागे पक्का हिशेब आहे. कडेच्या आणि बाजाराच्या मोक्याच्या प्लॉटांतून येणाऱ्या पैशानं आतल्या प्लॉटांची किंमत खाली आणायची. शिवाय गरिबांची वस्ती शहराच्या टोकाला एका बाजूला ढकलली जात नाही. चहूबाजूंनी इतर वर्ग असतात आणि कामंही चालण्याच्या अंतरावर मिळतात.

लहान प्लॉटांची दहा-दहा घरं एका गटात, रस्त्याकडे तोंड करून, मागे अंगण. बाजूच्या भिंती सामाईक, त्यामुळे भिंतीचा खर्च वाटला जातो आणि उन्हाला उघडा पडतो तो फक्त पुढचा-मागचा अरुंद भाग. वीस घरांमागे एक सेप्टिक टँक. गरीब कुटुंबाला प्लॉटसोबत काँक्रीटचं जोतं, न्हाणी-संडासाचा गाभा आणि एक खोली. पहिली रक्कम कुटुंबाच्या सरासरी कमाईवरून ठरलेली, उरलेलं दरमहा हप्त्यानं. वर काय बांधायचं, विटा की दगड, कोणता रंग, हे ज्याचं त्यानं ठरवायचं.

आणि ओटा? तो आला. घराची हद्द आणि रस्ता यांच्यामध्ये सुमारे अर्ध्या मीटरची पट्टी सोडली गेली, जिथे ओटा, पायऱ्या, उघडा जिना, वर सज्जा येऊ शकतो. मोजणीत सापडलेली गोष्ट नियमात बसवली. अर्धा मीटर म्हणजे दीड फुटाच्या जरा वर. संशोधनातून एवढंच हाती लागलं असं कुणी म्हणेल. मला मात्र ही दीड फुटांची पट्टी अनेक शोधनिबंधांपेक्षा मोलाची वाटते, कारण ती प्राधिकरणाच्या मंजूर नकाशावर उमटली.

याच सुमारास नवी मुंबईत बेलापूरला आर्किटेक्ट चार्ल्स कोरिया वाढत्या घरांची वसाहत करत होते. सात घरांभोवती एक चौक, प्लॉट ४५ ते ७५ चौरस मीटर, आणि एकाही घराची भिंत शेजाऱ्याला चिकटलेली नाही. कोरियांचं म्हणणं असं की प्लॉटच्या आकारात फार फरकच नको, समता जमिनीपासूनच असू दे. दोशींनी ३५ पासून ४७५ पर्यंतची उतरंड स्वीकारली आणि तिच्यातूनच पैसा काढला. तत्त्व म्हणून मला कोरियांची बाजू पटते. पण सव्वाचार हजार गरीब घरांचा हिशेब जुळवायला बसलं की दोशींकडे वळावं लागतं. विद्यार्थ्यांसमोर ही दोन्ही उदाहरणं एकत्र ठेवली की वर्गात भांडण लागतं आणि तास छान जातो.

ऐंशी घरं

आता प्राध्यापकाकडे येऊ. कारण अजूनपर्यंत या गोष्टीत संशोधक आणि व्यावसायिकच दिसले.

प्लॉट आखले, जोतं दिलं, आता लोक बांधतील. पण काय बांधतील? दोशींनी तिथे ऐंशी नमुना घरं बांधली. एका खोलीच्या निवाऱ्यापासून ऐसपैस घरापर्यंत. तोच छोटा प्लॉट, तोच गाभा, पण जिना इथे घेतला तर असं होतं, तिथे घेतला तर तसं. वर खोली चढवली तरी अंगणात उजेड राहतो तो असा. पुढे दुकान काढलं तर घराचं दार असं फिरवता येतं. आगाखान पुरस्कारानंतर जगभर छापलेली ती लालसर, घनाकार, जिन्यांनी एकमेकांत गुंतलेली घरं ती हीच.

बहुतेक लेख या घरांकडे दोशींची रचना म्हणून पाहतात. मला ती फळ्यावर सोडवून दाखवलेल्या गणितांसारखी दिसतात. शिक्षक एकच गणित तीन पद्धतींनी सोडवतो, आणि मग म्हणतो, आता पुढची तुम्ही सोडवा. इथले विद्यार्थी म्हणजे प्लॉटधारक आणि त्यांचे गवंडी. उदाहरणं ऐंशी, गृहपाठ सहा हजारांवर. व्यावसायिकाला या घरांची गरज नव्हती, कारण करार लेआउटचा. निव्वळ संशोधकाला तर ती नकोच असतात, कारण लोकांनी आपणहून काय केलं हे पाहायचं तर आधी उत्तरं दाखवणं म्हणजे प्रयोग बिघडवणं. नमुना उभा करून, माणसाला त्यात फिरवून, "याहून वेगळं करून बघ" असं म्हणण्याची खोड शिकवणाऱ्याचीच.

ही खोड अचानक आली नव्हती. अहमदाबादला १९७३ मध्ये त्यांनी आयुर्विमा महामंडळासाठी घरं केली, बिमानगर. तिथे नेहमीचा क्रम उलटा: मोठं घर तळाला, सगळ्यात छोटं वर, आणि प्रत्येकाला वाढायला गच्ची किंवा अंगण. रहिवाशांनी पुढच्या काळात त्या इमारती ओळखू येऊ नयेत इतक्या बदलल्या. दुसरा आर्किटेक्ट रागावला असता. दोशी तिथले बदल कौतुकानं दाखवत. बिमानगरला लोकांनी त्यांची रचना दुरुस्त केली, अरण्यला त्यांनी दुरुस्तीसाठीच रचना केली, असा हा प्रवास मला दिसतो.

आणि पुढे

अरण्यचं काय झालं, याची दोन उत्तरं आहेत आणि दोन्ही खरी आहेत.

वसाहत भरली. प्रित्झकर पुरस्काराच्या वेळी तिथे ८०,००० हून अधिक लोक राहत असल्याचं सांगितलं गेलं. ८५ हेक्टरवर हेक्टरी नऊशेच्या पुढे. इमारतींचे टॉवर न उभारता ही घनता गाठली, आणि रस्त्यावरचं जगणं टिकलं. हे लहान यश नाही.

दुसरं उत्तर असं. एके काळी शहराबाहेरची ही जागा आता विजयनगरच्या गजबजाटाला लागून आहे. जमिनीला भाव आला. ज्या ओळीत एका खोलीचं घर होतं तिथे तीन-चार मजले चढले, अनेक मूळ लाभार्थी विकून गेले, आणि नमुना घरांचं मूळ रूप शोधावं लागतं. हे एकट्या अरण्यचं दुखणं नाही. साईट्स अँड सर्व्हिसेसवर जगभर हाच आक्षेप घेतला गेला आणि नव्वदच्या दशकापर्यंत जागतिक बँकेनंच ते सूत्र जवळपास सोडलं. गंमत अशी की वीसेक वर्षांनी मुंबई आणि चेन्नईच्या अशा वसाहतींत परत गेलेल्या अभ्यासकांना त्या चांगल्या नांदत्या दिसल्या.

इंदूरनं याच काळात दुसरा रस्ताही चोखाळून पाहिला. हिमांशू पारीख या अभियंत्याच्या कल्पनेतून तिथल्या जुन्या वस्त्यांना जागच्या जागी गटारं, रस्ते, पाणी देण्याचं काम झालं. त्यालाही १९९८ मध्ये आगाखान पुरस्कार मिळाला, आणि पुढे त्याच्यावर कडक टीकाही झाली. एकाच शहरानं एकाच प्रश्नाची दोन उत्तरं दिली, दोन्ही गौरवली गेली, दोन्ही अपुरी निघाली.

दोशींच्या तीन कामांपैकी कुठलं कमी पडलं, असा प्रश्न मग उरतो. माझं मत: कुठलंच नाही, आणि तीच अडचण. जमिनीचा भाव आणि हस्तांतरणाचे नियम हा विषय या तिघांपैकी कुणाच्याच कक्षेत नव्हता. संशोधकानं ओटा मोजला, त्याची बाजारातली किंमत मोजली नाही. व्यावसायिकानं मोठ्या प्लॉटांतून छोट्यांना पैसा दिला, पण तो विक्रीच्या दिवशीपुरता. शिक्षकानं घर कसं वाढवावं हे दाखवलं, कसं टिकवावं हे त्याच्या फळ्यावर नव्हतं. तिन्ही कामं एकाच स्वभावाच्या लोकांनी चालवली की तिघांनाही एकच गोष्ट दिसत नाही, असा धोका असतो. संगतच्या त्या कमानींखाली जमिनीचा अर्थशास्त्रज्ञ चौथा बसला असता तर? हा प्रश्न मी अनेकदा स्वतःला विचारतो.

आपल्याकडे प्राध्यापकाची मोजदाद शोधनिबंधांच्या गुणांवर होते, आणि प्रॅक्टिस हा कित्येक संस्थांत परवानगीचा अर्ज करून करायचा उद्योग असतो. त्या तक्त्यात अर्ध्या मीटरच्या पट्टीला रकाना नाही. ऐंशी घरांनाही नाही. ती ना निबंध, ना परिषद, ना पेटंट.

अरण्यची जी छायाचित्रं आपण वर्गात दाखवतो ती जवळपास सगळी त्या ऐंशी घरांची असतात. ६,५०० मधली ऐंशी, शंभरात सव्वा. बाकीची घरं ज्यांनी बांधली त्यांची नावं कुठल्या शीटवर नाहीत. पुढच्या वर्षीच्या स्टुडिओला विषय द्यायचा झाला तर मी हाच देईन: एक ओळ निवडा, दहा घरं. मूळ जोतं शोधा. ओटा उघडा आहे की ग्रील लावून आत घेतला, ते मोजा. जिना पट्टीच्या बाहेर किती आला, खाली कोण राहतं, वर कोण, भाडं कोण कुणाला देतं, घर कधी आणि कितीला हात बदललं. मोजायची पद्धत नव्यानं शोधायची गरज नाही, इंदूरच्याच वस्त्यांमध्ये चाळीस वर्षांपूर्वी ती वापरून झाली आहे. फक्त शेवटचा प्रश्न तेव्हाच्या यादीत नव्हता.